मजकूर संपादकांच्या दस्तऐवजीकरणातील कालबाह्य आवृत्ती-उल्लेख

टेक्स्ट एडिटर, म्हणजेच मजकूर संपादक, या प्रकारच्या आज्ञावलींच्या मदत-पुस्तिकांमध्ये जुन्या आवृत्त्यांसंबंधी अनेक टिपा असतात. एखादी आज्ञा कोणत्या आवृत्तीत आली, पूर्वीच्या आज्ञावलीत ती होती की नाही, कोणती सोय केव्हा काढून टाकण्यात आली, अशी माहिती या टिपा देतात. लिहिल्या जातात तेव्हा उपयुक्त असलेल्या या टिपा काही वर्षांनी बहुसंख्य वाचकांसाठी निरर्थक ठरतात. अशा टिपांना या लेखात कालबाह्य आवृत्ती-उल्लेख म्हटले आहे. विम, ईमॅक्स व निओविम या मुक्त स्रोत संपादकांचे विकासक असे उल्लेख वेळोवेळी काढतात, दुसरीकडे हलवतात किंवा मुद्दाम राखून ठेवतात.

वरकरणी हे काम शुद्धलेखन सुधारण्याइतके किरकोळ दिसते. परंतु त्यात भिन्न वाचकांचे हित गुंतलेले असते. ताजी आवृत्ती वापरणाऱ्या नवशिक्याला जुने उल्लेख अडथळा वाटतात. जुन्या सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रशासकाला आणि अनेक आवृत्त्यांवर चालणारे प्लगइन लिहिणाऱ्याला मात्र तीच माहिती आवश्यक असते. मे २०१९ मध्ये विमच्या मदत-फाइलींत झालेला व्यापक बदल हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

व्हीआय हा संपादक बिल जॉय यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात लिहिण्यास आरंभ केला. बर्कलीच्या युनिक्स वितरणाबरोबर तो सर्वदूर पोहोचला व पुढे पॉझिक्स या मानकातही त्याचा समावेश झाला. व्हीआयची मूळ संहिता एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स परवान्याशी बांधलेली असल्यामुळे ती सर्वांना मुक्तपणे वापरता येत नव्हती. परिणामी व्हीआयसारखेच वागणारे अनेक स्वतंत्र संपादक तयार झाले. त्यांपैकी स्टीव्ही या संपादकाची संहिता आधाराला घेऊन नेदरलँड्समधील विकासक ब्रॅम मूलेनार यांनी अमिगा संगणकासाठी विम लिहिला. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली.

विम या नावाचा आरंभीचा विस्तार 'व्हीआयचे अनुकरण' या अर्थाचा होता. पुढे तो 'सुधारित व्हीआय' या अर्थाचा करण्यात आला. नावातील या बदलाचे प्रतिबिंब दस्तऐवजीकरणातही पडले. विमचे सुरुवातीचे वापरकर्ते बहुतांशी व्हीआयकडून आलेले असल्याने, विममध्ये काय वेगळे आहे हा त्यांचा पहिला प्रश्न असे. त्यामुळे मदत-फाइलींत एखाद्या आज्ञेचे वर्णन संपताच महिरपी कंसात 'व्हीआयमध्ये नाही' या अर्थाची टीप देण्याची पद्धत पडली. व्हीआयमध्ये तीच आज्ञा निराळी वागत असेल, तर तो फरकही त्याच ठिकाणी नोंदवला जाई.

विमच्या ५.० (१९९८), ६.० (२००१), ७.० (२००६) व ८.० (२०१६) या आवृत्त्यांमध्ये नवनव्या सोयींची भर पडत गेली. या काळात बहुतेक लिनक्स वितरणांमध्ये व्हीआय ही आज्ञा दिल्यावर प्रत्यक्षात विमच सुरू होऊ लागला. मूळ व्हीआय कधीही न पाहिलेल्या वापरकर्त्यांची संख्या वाढली, तरी महिरपी कंसातील टिपा जागच्या जागी राहिल्या.

विमच्या मदत-फाइलींची रचना

विमचे दस्तऐवजीकरण साध्या मजकुराच्या शंभरहून अधिक फाइलींमध्ये विभागलेले असून ते आज्ञावलीबरोबरच संगणकावर स्थापित होते. त्याचे दोन मुख्य भाग आहेत. वापरकर्ता-पुस्तिका प्रकरणशः वाचण्यासाठी आहे, तर संदर्भ-पुस्तिकेत प्रत्येक आज्ञा, पर्याय व फंक्शन यांचे काटेकोर वर्णन असते. हेल्प ही आज्ञा व तिच्यापुढे विषयाचे नाव दिले असता संबंधित जागा थेट उघडते. ही सोय टॅगवर, म्हणजे मजकुरात ठिकठिकाणी पेरलेल्या खुणांवर, अवलंबून आहे.

मदत आज्ञावलीबरोबर येत असल्यामुळे वाचकाजवळची पुस्तिका आणि त्याच्याजवळचा संपादक सामान्यतः एकाच आवृत्तीचे असतात. उदाहरणार्थ, तरंगती खिडकी उघडणारे पॉपअप-क्रिएट हे फंक्शन २०१९ च्या अखेरीस आलेल्या ८.२ या आवृत्तीचे वैशिष्ट्य होते. ८.० या आवृत्तीत त्याच्याविषयी मदत मागितल्यास ई१४९ क्रमांकाचा संदेश मिळतो आणि या विषयावर मदत नाही, असे संपादक सांगतो. त्या पुस्तिकेत 'हे ८.२ पासून उपलब्ध' अशी टीप असण्याचे कारणच नाही. नोंद नसणे हेच पुरेसे उत्तर ठरते.

प्रत्येक मदत-फाइलच्या पहिल्या ओळीत ती विमच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि तिच्यात शेवटचा बदल कधी झाला, हे नोंदवलेले असते. नवी आवृत्ती प्रसिद्ध होताना या सर्व फाइलींच्या पहिल्या ओळी बदलाव्या लागतात, मग आतील मजकुरात काहीही बदल झालेला नसो. यांखेरीज मोठ्या आवृत्त्यांच्या बदलांची नोंद करणाऱ्या स्वतंत्र फाइली आहेत. त्यांत कोणत्या पॅचने कोणती अडचण सोडवली, हे 'अडचण' आणि 'उपाय' अशा दोन कलमांत दिलेले असते.

आवृत्ती-उल्लेखांचे प्रकार

दस्तऐवजीकरणातील आवृत्ती-उल्लेख एकाच स्वरूपाचे नसतात. त्यांचे कार्य पाहता पुढील प्रकार करता येतात.

शीर्षकातील उल्लेख: संपूर्ण पुस्तिका वा फाइल कोणत्या आवृत्तीची आहे हे सांगणारा. तो चुकीचा राहिल्यास आतील अचूक मजकुराविषयीही वाचकाच्या मनात शंका निर्माण होते.

आगमनाचा उल्लेख: एखादी सोय कोणत्या आवृत्तीपासून किंवा पॅचपासून उपलब्ध झाली हे सांगणारा.

पूर्वसुरींशी तुलना: जुन्या किंवा दुसऱ्या संपादकापेक्षा वर्तन कसे वेगळे आहे हे सांगणारा. 'व्हीआयमध्ये नाही' ही टीप या प्रकारात मोडते.

निवृत्तीचा उल्लेख: एखादी सोय काढून टाकल्याची नोंद. विममधील फारसी लिपीसाठीची विशेष सोय ८.१.०९३२ या पॅचने, तर एमएस-डॉससाठीचा आधार ७.४.१३९९ या पॅचने काढण्यात आला. दोन्ही विषयांच्या मदत-फाइली पूर्णपणे पुसून न टाकता त्यांत काढल्याची थोडक्यात नोंद ठेवण्यात आली.

बाह्य प्रणालीचा उल्लेख: संपादक कोणत्या कार्यप्रणालीवर चालतो यासंबंधीचा. विंडोज ९५ व विंडोज एक्सपी यांसारख्या प्रणालींविषयीच्या अटी या प्रकारात येतात.

क्रमांकाविना उल्लेख: 'नवीन', 'आता', 'अलीकडे', 'लवकरच' यांसारखे शब्द. आकडा नसल्यामुळे हे उल्लेख शोधून काढणे सर्वांत कठीण असते. 'आवृत्ती ५ मध्ये नवीन' असे लिहिले असेल, तर ते जुने झाल्याचे वाचकाच्या लगेच ध्यानात येते. नुसते 'नवीन' लिहिले असेल, तर वाचक त्यावर विश्वास ठेवतो.

मे २०१९ मधील बदल

मे २०१९ मध्ये विमच्या ८.१.१२८० या पॅचद्वारे मदत-फाइलींमध्ये एकाच वेळी मोठा बदल करण्यात आला. व्हीआयमध्ये नसलेल्या सोयींविषयीच्या टिपांमुळे मदत-मजकुरात अनावश्यक दाटी झाली आहे, अशी अडचण त्या पॅचच्या वर्णनात नोंदवण्यात आली होती. त्यावर उपाय म्हणून विममध्ये नवीन काय आणि व्हीआयमध्ये पूर्वीपासून काय, ही सर्व माहिती दोन्ही संपादकांतील फरकांसाठी असलेल्या स्वतंत्र फाइलमध्ये हलवण्यात आली आणि ठिकठिकाणच्या महिरपी कंसातील टिपा काढून टाकण्यात आल्या.

या बदलाचे स्वरूप समजून घेण्यासाठी पर्यायांची मदत-फाइल पाहणे उपयुक्त ठरते. तिच्यात शेकडो पर्यायांचे वर्णन वर्णानुक्रमे दिलेले आहे. व्हीआयमध्ये मोजकेच पर्याय असल्यामुळे, पूर्वी बहुतेक नोंदींखाली 'व्हीआयमध्ये नाही' हीच टीप पुन्हा पुन्हा येत असे. जी टीप जवळजवळ सर्व नोंदींना लागू होते, ती एका नोंदीविषयी वेगळे असे काहीच सांगत नाही. उलट व्हीआयमध्ये असलेल्या थोड्या पर्यायांची एकत्र यादी दिली, तर तीच माहिती कमी जागेत व अधिक स्पष्टपणे मिळते.

संपादक बांधताना एखादी सोय वगळली असल्यास काय उपलब्ध नसेल, हे सांगणाऱ्या टिपा मात्र मदत-फाइलींत राहिल्या. विम लहान-मोठ्या स्वरूपात बांधता येतो आणि एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींमध्ये निरनिराळ्या सोयी असू शकतात. त्यामुळे या टिपांचा उपयोग आवृत्ती जुनी झाल्याने संपत नाही. दोन्ही प्रकारच्या टिपा दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांतील हा भेद पाळण्यात आला.

उल्लेख काढण्यामागील कारणे

पहिले कारण वाचनसुलभतेचे आहे. संदर्भ-पुस्तिका सलग वाचली जात नाही; वाचक एका प्रश्नासह येतो आणि उत्तर मिळताच निघून जातो. उत्तराच्या आधी किंवा मध्ये येणारी प्रत्येक जास्तीची अट त्याला वाचावी लागते व ती आपल्याला लागू आहे का, हे ठरवावे लागते. ज्याने मूळ व्हीआय वापरलेलाच नाही, त्याला हा निर्णय करता येत नाही.

दुसरे कारण विश्वासार्हतेचे आहे. वीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचा उल्लेख पाहून संपूर्ण परिच्छेदच जुना असावा, असा समज होऊ शकतो. मजकूर अचूक असूनही त्यावरील एक जुनी खूण त्याचे मोल कमी करते.

तिसरे कारण देखभालीचे आहे. आवृत्ती-उल्लेख जितके अधिक ठिकाणी विखुरलेले, तितकी त्यांतील एखादा दुरुस्त करावयाचा राहून जाण्याची शक्यता अधिक. विमच्या मदत-फाइलींची इतर भाषांत भाषांतरेही होतात आणि वाचकाला भाषा निवडता यावी यासाठी संपादकात स्वतंत्र पर्याय आहे. मूळ मजकुरातील प्रत्येक निरुपयोगी टीप भाषांतरकारांनाही भाषांतरित करावी व सांभाळावी लागते.

चौथे कारण विमच्या क्रमांकन पद्धतीशी निगडित आहे. विममधील प्रत्येक लहान बदलाला पॅच क्रमांक मिळतो. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ८.२ आणि जून २०२२ मध्ये आलेल्या ९.० या आवृत्त्यांच्या दरम्यान पाच हजारांहून अधिक पॅच प्रसिद्ध झाले. साहजिकच स्वतःला ८.२ म्हणवणाऱ्या दोन प्रतींमध्ये अडीच वर्षांच्या कामाचा फरक असू शकतो. अशा स्थितीत पॅच क्रमांकाशिवाय केलेला '८.२ पासून' हा उल्लेख अचूक वाटला, तरी तो दिशाभूल करणारा ठरू शकतो.

उल्लेख राखण्याची बाजू

जुन्या आवृत्त्यांचे आयुष्य

संपादकाची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली म्हणून जुनी वापरातून जात नाही. संस्था व कंपन्यांच्या सर्व्हरवर दीर्घकालीन देखभालीची लिनक्स वितरणे वापरली जातात आणि त्यांत संपादकाची आवृत्ती सामान्यतः गोठवलेली असते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत विम ७.४, आठव्या आवृत्तीत विम ८.० आणि नवव्या आवृत्तीत विम ८.२ आहे. यांपैकी आठवी आवृत्ती मे २०१९ मध्ये, म्हणजे विमच्या मदत-फाइलींची साफसफाई झाली त्याच महिन्यात, बाजारात आली व तिच्या देखभालीची मुदत २०२९ पर्यंत आहे. विकासकांच्या दृष्टीने तेव्हाच मागे पडलेली ८.० ही मालिका अशा रीतीने दहा वर्षे अधिकृत वापरात राहणार आहे.

मॅकओएसमध्येही असेच घडले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली ईमॅक्सची २२.१ ही आवृत्ती ॲपलने त्यानंतर दशकभर आपल्या कार्यप्रणालीबरोबर दिली. ईमॅक्सचा परवाना पुढील आवृत्तीपासून जीपीएलच्या तिसऱ्या संस्करणाखाली गेल्यानंतर ॲपलने नव्या आवृत्त्यांचा समावेश केला नाही.

प्लगइन लेखकांची गरज

प्लगइन लिहिणारा केवळ स्वतःच्या संपादकाचा विचार करू शकत नाही. त्याची आज्ञावली इतरांच्या जुन्या-नव्या प्रतींवर चालावी लागते. एखादे फंक्शन कोणत्या पॅचने आले, हे ठाऊक असेल तरच तो त्यासाठी योग्य अट लिहू शकतो. ८.० या आवृत्तीवर पॉपअप-क्रिएट वापरणारे प्लगइन चालवल्यास ई११७ क्रमांकाची त्रुटी दिसते व हे फंक्शन अज्ञात आहे, एवढेच वापरकर्त्याला कळते.

विममध्ये एखादा पॅच उपलब्ध आहे का, हे तपासण्यासाठी हॅज नावाचे फंक्शन आहे. त्याला आवृत्ती व पॅच यांचा जोडक्रमांक देण्याची सुटसुटीत पद्धत ७.४.२३७ या पॅचपासूनच चालते. त्यापूर्वीच्या प्रतींवर आवृत्ती क्रमांक वेगळा तपासावा लागतो. ही मर्यादा मदतीत नोंदवलेली आहे. आकडा जुना असला, तरी ही टीप काढल्यास जुन्या प्रतींचा आधार देऊ इच्छिणाऱ्या लेखकाची तपासणीच फसेल. म्हणून उल्लेखाचे वय हा तो काढण्याचा पुरेसा निकष ठरत नाही.

जालावरील वाचन

संपादक व पुस्तिका एकाच आवृत्तीचे असतात, हे गृहीतक आंतरजालामुळे डळमळीत झाले आहे. आज अनेक वाचक संपादकातील मदत न उघडता शोधयंत्रात प्रश्न टाकतात आणि पुस्तिकेच्या जालावरील प्रतीकडे जातात. ही प्रत सामान्यतः ताज्या आवृत्तीची असते. दूरच्या सर्व्हरवर विम ८.० वापरणारा विद्यार्थी अशा रीतीने ९.१ ची मदत वाचतो, तीत दिलेली आज्ञा टाइप करतो आणि त्रुटी आल्यावर आपलेच काही चुकले असे समजतो. त्याच्या संपादकातील मदतीने 'नोंद नाही' असे प्रामाणिकपणे सांगितले असते. जालावरील पानाला त्याच्यासमोर कोणती आवृत्ती आहे हे ठाऊक नसते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजीकरणात या अडचणीवर दुहेरी उपाय योजलेला आहे. जालावर निरनिराळ्या आवृत्त्यांच्या स्वतंत्र पुस्तिका उपलब्ध असतात व वाचकाला त्यांतून निवड करता येते. शिवाय प्रत्येक फंक्शनखाली ते केव्हा आले व केव्हा बदलले, याची ठरावीक साच्यातील नोंद असते.

ईमॅक्समधील पद्धत

ईमॅक्सचा उगम १९७६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये लिहिण्यास घेतलेला जीएनयू ईमॅक्स १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या क्रमांकनातच आवृत्ती-उल्लेखांच्या अस्थिरतेचे एक उदाहरण सापडते. सुरुवातीच्या आवृत्त्यांना १.१२ अशा प्रकारचे क्रमांक होते. पहिला आकडा कधीच बदलणार नाही असे वाटल्याने तो वगळण्यात आला आणि १.१२ नंतर थेट १३ ही आवृत्ती आली.

ईमॅक्सची पुस्तिका टेक्सइन्फो या स्वरूपात लिहिली जाते. पुस्तिका कोणत्या आवृत्तीची आहे, हे एका छोट्या फाइलमध्ये चल म्हणून एकदाच नोंदवलेले असते. जेथे तो आकडा हवा, तेथे चलाचे नाव लिहिले जाते. नवी आवृत्ती काढताना एकच ओळ बदलली की पुस्तिकेत सर्वत्र योग्य आकडा उमटतो.

बदलांचा इतिहास पुस्तिकेत न ठेवता न्यूज नावाच्या फाइलींत ठेवला जातो. पहिल्या सतरा आवृत्त्यांसाठी एक आणि त्यापुढील प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी एक, अशा या फाइली ईमॅक्सबरोबर मिळतात. विकास सुरू असताना या फाइलीतील नोंदींवर विकासक तात्पुरत्या खुणा करतात. तीन अधिक चिन्हे असतील, तर त्या बदलाची दखल पुस्तिकांमध्ये घेतली गेली आहे. तीन उणे चिन्हे असतील, तर पुस्तिकेत बदलाची गरज नाही, असा त्यांचा अर्थ होतो. यामुळे दस्तऐवजीकरण अद्ययावत करणे हे नंतरचे काम न राहता प्रकाशनाच्या प्रक्रियेचाच भाग बनते.

या इतिहासाचा उपयोग वाचनापुरता मर्यादित नाही. ईमॅक्समध्ये एखाद्या फंक्शनविषयी मदत मागितल्यावर संपादक न्यूज फाइलींत त्या नावाचा पहिला उल्लेख शोधतो आणि ते बहुधा कोणत्या आवृत्तीत किंवा तिच्या आधी आले असावे, हे मदतीच्या खिडकीत दाखवतो. हा निष्कर्ष शोधावर आधारित असल्याने त्यात 'बहुधा' हा शब्द मुद्दाम ठेवलेला आहे. तसेच सानुकूल करता येणाऱ्या पर्यायांच्या व्याख्येतच आवृत्तीची नोंद करता येते आणि अमुक आवृत्तीनंतर कोणते पर्याय आले वा बदलले, याची यादी संपादक स्वतः तयार करू शकतो. कालबाह्य ठरवलेल्या फंक्शनच्या व्याख्येतही ते केव्हापासून कालबाह्य झाले, हे नोंदवले जाते.

ईमॅक्सच्या पुस्तिकेला अँटिन्यूज नावाचे एक परिशिष्ट जोडलेले असते. नव्या आवृत्तीकडून मागील आवृत्तीकडे 'प्रगती' करणाऱ्या वाचकाला कोणत्या सोयी गमवाव्या लागतील, हे त्यात विनोदी शैलीत सांगितलेले असते. विनोद बाजूला ठेवला, तर जुनी आवृत्ती वापरणाऱ्या वाचकाला या परिशिष्टातून खरोखरीची उपयुक्त माहिती मिळते. प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर ते नव्याने लिहिले जात असल्यामुळे त्यात जुने उल्लेख साठत जात नाहीत.

निओविममधील पद्धत

निओविम हा २०१४ मध्ये विमच्या संहितेपासून वेगळा झालेला संपादक आहे. व्हीआयसारखे वागण्याचा विममधील सुसंगततेचा पर्याय त्याने वगळला. त्यामुळे व्हीआयशी तुलना करणाऱ्या टिपांचे प्रयोजनही उरले नाही. त्याऐवजी विम व निओविम यांच्यातील फरकांची एक स्वतंत्र फाइल तेथे ठेवण्यात आली. व्हीआयच्या संदर्भात विमने जे केले, तेच विमच्या संदर्भात निओविमने केले.

निओविमच्या प्रोग्रामिंग आंतरपृष्ठातील फंक्शनांच्या संहितेतच ते फंक्शन केव्हा आले याची यंत्राला वाचता येईल अशी नोंद असते आणि दस्तऐवजीकरण त्यावरून तयार केले जाते. निवृत्त झालेल्या सोयींची एक वेगळी फाइल असून तिच्यात आवृत्तीनुसार विभाग केलेले आहेत. ताज्या बदलांसाठी बातम्यांची फाइल असते आणि आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर ती त्या क्रमांकाने जतन केली जाते.

विश्लेषण

या तिन्ही प्रकल्पांच्या अनुभवावरून असे दिसते की आवृत्ती-उल्लेख खरा आहे की खोटा, एवढ्याने त्याचे भवितव्य ठरत नाही. 'व्हीआयमध्ये नाही' ही टीप २०१९ मध्येही पूर्णपणे खरी होती. मात्र ज्या वाचकासाठी ती लिहिली होती, तो त्या जागी उरला नव्हता. उलट एमएस-डॉसचा आधार काढल्याची नोंद फारच थोड्या वाचकांच्या उपयोगाची आहे. परंतु त्या विषयाची मदत मागणाऱ्याला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. म्हणून ती टॅगसह राखणे योग्य ठरते. टॅगच काढून टाकला असता, तर विचारणाऱ्याला सोय कधीच नव्हती की नंतर गेली, हे कळले नसते.

दुसरी बाब अशी की यशस्वी ठरलेल्या बदलांत माहिती नष्ट झालेली नाही, तिची जागा बदललेली आहे. विमने ती फरकांच्या फाइलमध्ये, ईमॅक्सने न्यूज फाइलींमध्ये आणि निओविमने फंक्शनच्या व्याख्येत ठेवली. ईमॅक्सची पुस्तिका आवृत्ती-उल्लेखांपासून बऱ्याच अंशी मुक्त राहू शकते, कारण विचारल्यास उत्तर देणारी नोंद दुसरीकडे शिल्लक असते. तशी नोंद नसताना केवळ मजकूर स्वच्छ दिसावा म्हणून उल्लेख पुसले, तर ती माहिती रिपॉझिटरीच्या इतिहासात उरते. परंतु तेथे ती शोधणे सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचे असते.

स्थलांतराचीही किंमत असते. व्हीआयचेच मूळ रूप असलेल्या युनिक्स प्रणालींवर काम करणाऱ्या वाचकाला पूर्वी आज्ञेखालीच फरक दिसत असे. आता त्याला दुसरी फाइल उघडावी लागते, आणि ती आहे हे आधी माहीत असावे लागते. असे वाचक थोडे असल्याने हा सौदा बहुसंख्यांच्या हिताचा मानता येतो. परंतु तो सौदा आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

प्रत्यक्ष संपादन करताना एक साधा निकष उपयोगी पडतो: उल्लेख वाचून वाचकाची पुढील कृती बदलते का? हॅज या फंक्शनखालील ७.४.२३७ चा उल्लेख वाचून प्लगइन लेखक वेगळी अट लिहितो. म्हणून तो जागीच राहावा. एखादा पर्याय ५.० मध्ये आला हे वाचून आज बहुधा कोणीही काही वेगळे करत नाही. म्हणून त्याची जागा इतिहासाच्या फाइलमध्ये आहे. 'नवीन' व 'अलीकडे' यांसारखे शब्द मात्र दोन्ही ठिकाणी टाळणे इष्ट ठरते, कारण ते कोणत्याही वाचकाला कृती करण्याइतकी माहिती देत नाहीत.

सद्यस्थिती

ब्रॅम मूलेनार यांचे ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन झाले. त्यानंतर विमची देखभाल ख्रिश्चन ब्राबांट व इतर स्वयंसेवी विकासकांच्या गटाकडे आली. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली ९.१ ही आवृत्ती मूलेनार यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. मदत-फाइलींच्या पहिल्या ओळीत आवृत्ती व दिनांक देण्याची जुनी पद्धत या आवृत्तीतही चालू राहिली.

तीन दशकांहून अधिक काळ विमच्या बहुतेक बदलांवर एकाच व्यक्तीची देखरेख होती. कोणती टीप कोणत्या काळातील व का लिहिलेली, हे तिला आठवत असणे शक्य होते. अनेक जणांच्या गटाला ती स्मृती आयती मिळत नाही. तिच्यासाठी लेखी नोंदींवर अवलंबून राहावे लागते. त्यामुळे आवृत्ती-उल्लेख कोठे ठेवावेत हा प्रश्न आता केवळ वाचकांच्या सोयीचा राहिलेला नाही. कोणती जुनी टीप निर्धोकपणे काढता येईल, हे नव्या देखभालकर्त्यांनाही इतिहासाच्या त्याच फाइलींवरून ठरवावे लागते.

हे सुद्धा पहा

व्हीआय
विम
जीएनयू ईमॅक्स
निओविम
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर